ताळा जुळला तरी

तीर्थस्वरूप दादास,
साष्टांग नमस्कार. माझी तब्येत बरी आहे, खोलीत ऊन येतं आणि सकाळची पूजा चुकत नाही, हे आईला आधी सांग. तिचा गुडघा कसा आहे?

पुढचं फक्त तुझ्यासाठी. क्वांटम संगणकातल्या चुका ओळखायच्या दोन पद्धती मी वर्षभर ताडून पाहिल्या. नवी झटपट आहे. पण शेजारी शेजारी दोन चुका एकदम झाल्या की त्या एकमेकींना झाकतात आणि ती म्हणते, सगळं ठीक. जुनी संथ पद्धत त्या पकडते.

शाळेत मी पंचेचाळीसचे चोपन्न लिहिले होते आणि आकड्यांची बेरीज नऊच येते, ताळा जुळला, म्हणून तुझ्याशी भांडलो होतो. अगदी तसंच.

नवी पद्धत आमच्या साहेबांची. ते म्हणाले, "असं क्वचित होतं. अहवालाच्या तक्त्यातली त्या जोडचुकांची तेवढी ओळ काढा आणि सही करा."

"साहेब, सही हवी तर ओळीसकट घ्या."

"तुमचा करार महिनाअखेर संपतो, माहीत आहे ना?"

"तारीख पाठ आहे."

तक्ता ओळीसकट त्यांच्या टेबलावर ठेवून मी उठलो.

तेव्हा कदाचित मी लवकरच घरी येईन. माझ्या खोलीतलं वहिनीचं शिलाई मशीन हलवू नका, मी बाहेरच्या खोलीत झोपेन. आणि का परत आला असं कोणी विचारलं, तर मान खाली घालू नकोस. सांग, खोट्यावर सही करेना म्हणून काढला.

देवाच्या आणि तुमच्या भरवशावर,
धाकटा