खंडेनवमीचा दाणा

१२ ऑक्टोबर २००५, बुधवार. दसरा

काल सकाळी साडेसहालाच बंदूकदुरुस्तीचं दुकान उघडलं. खंडेनवमी. लेथ पुसलं. फायली, ड्रिल, कॅलिपर एका फडक्यावर मांडले. हळदकुंकू, अक्षता, बायकोच्या, रत्नाच्या कुंडीतला एक झेंडू. आमचे वडील, अप्पा, लोहारकाम करायचे; ऐरणीची पूजा अशीच करायचे. पूजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, हा त्यांचा दंडक.

यंदा लेथशेजारी रायफलही ठेवली. बावीस कॅलिबरची सेमी-ऑटोमॅटिक. गिऱ्हाइकाला ती सतराच्या बारीक गोळीसाठी बदलून हवी होती. तीन आठवडे तिच्यावर गेले. नवी नळी मी बसवली. बोल्टचं, म्हणजे नळीचं तोंड मागून बंद करणाऱ्या खिट्टीचं काम मालकाचं, वॉल्टरचं. नव्या काडतुसाचा धक्का जोरकस. बोल्ट लवकर मागे सरकला तर काडतुसाची पितळी पुंगळी आतच फुटते. म्हणून त्यानं बोल्ट जड केला, चार स्प्रिंगा बसवून पाहिल्या, पाचवी ठेवली. असलं काम आमच्याकडे पहिलंच. वाटलं, हिलाही दोन अक्षता वाहाव्यात. बोल्ट मागे ओढलेला, आतलं तोंड उघडं होतं. लक्षातच आलं नाही.

वॉल्टर आठला आला. इथलाच गोरा, सत्तरी उलटलेला. दरवर्षीचाच प्रश्न – "काय पीट, आज मशीनचा वाढदिवस?" पुरुषोत्तम त्याच्या जिभेला सोळा वर्षांत जमलं नाही.

गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं होतं. त्याआधी चाचणी घ्यायला वॉल्टरनं रायफल मागितली. आज नको, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. वरचं कुंकू फडक्यानं पुसलं आणि दिली.

मागच्या मातीच्या बांधावर त्यानं पहिलीच गोळी झाडली. आवाज वेगळा आला. वॉल्टर हळूच खाली बसला, जणू दमलाय म्हणून. पितळेचा तुकडा डोळ्याखाली घुसला होता.

१३ ऑक्टोबर

पाच टाके. डोळा वाचला. देवा!

रायफल मी एकट्यानं उघडली. बोल्टच्या तोंडाशी तांदळाचा दाणा. चेपलेला, लाल. त्याच्यामुळे बोल्ट केसभर उघडा राहिला आणि तरी टाचणी काडतुसावर आपटली. दाणा स्क्रूच्या रिकाम्या डबीत ठेवला. का ठेवला ते माहीत नाही. फेकवेना.

अप्पांच्या ऐरणीला दाणा अडकायला फटच नव्हती.

१६ ऑक्टोबर, रविवार

इथल्या मराठी मंडळाची कोजागिरी. शाळेच्या हॉलमध्ये, संध्याकाळी सहालाच, चंद्र उगवायच्या आत. कागदी कपातलं दूध. डब्लिनमधली सगळी कॉम्प्युटरवाली मंडळी. त्यातल्या गिरीशला अपघात कळला होता. दाण्याचं त्याला बोललो नाही, नुसतं विचारलं की असं झालं तर चूक कोणाची धरतात. तो म्हणाला, "काका, टेन्शन कशाला घेता यार? पार्ट डिफेक्टिव्ह होता म्हणायचं आणि कंप्लेंटचं तिकीट क्लोज करायचं." सगळे हसले. मीही हसलो. दूध संपवता आलं नाही.

१९ ऑक्टोबर

वॉल्टर परत कामावर. गालावर पट्टी. सकाळभर वही घेऊन बसला होता, स्प्रिंगांचे आकडे पुन्हा पुन्हा मांडत. दुपारी वही मिटली.

"बोल्ट लवकर उघडला, पीट. माझी स्प्रिंग चुकली."

मी फाईल घासत राहिलो. घासायला काही नव्हतं. म्हणाला, एक्केचाळीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. मग स्वतःचे दोन्ही हात पालथे करून बघितले, दुसऱ्याच कोणाचे असावेत तसे.

२१ ऑक्टोबर

जप केला. बोटं माळेवर, मन डबीत.

२४ ऑक्टोबर

रायफल जुनी नळी घालून परत केली. आणखी दोन गिऱ्हाइकांना वॉल्टरनं नाही सांगितलं. एकाला तर साधी स्प्रिंग बदलून हवी होती! नाताळापर्यंत दुकान बंद करणार म्हणतो. लेथ बघायला पुढच्या सोमवारी माणूस येतोय. मला म्हणाला, तुला कुठेही काम मिळेल, तुझे हात अजून चांगले आहेत.

ते ऐकून घरी आलो आणि रत्नाला सगळं सांगितलं. डबी दाखवली. तिनं पोळ्या थांबवल्या नाहीत. मी म्हटलं, वॉल्टर काय म्हणेल? ह्यांच्या देवामुळे माझा डोळा जात होता, असंच ना?

"म्हणजे नोकरीची भीती नाही तुम्हाला. देवाला बोल लागेल याची आहे."

मी डबीचं झाकण लावलं.

"देव त्याचं बघून घेईल. दाणा तुम्ही टाकलात, तुम्ही सांगा."

एवढं बोलून ताट वाढलं. बावीस वर्षांच्या संसारात तिनं मला इतकं सरळ कधी सुनावलं नव्हतं. तिचं बरोबर आहे. देवाच्या आड मी उभा होतो.

२७ ऑक्टोबर

डबी खिशात घेऊन गेलो. खिशात घेऊन आलो.

२८ ऑक्टोबर

तेच.

२९ ऑक्टोबर, शनिवार

सांगितलं. वॉल्टर लेथला तेल देत होता, उद्या-परवा विकायचं असलेल्या लेथला. खंडेनवमी काय ते सांगितलं, अक्षता काय ते सांगितलं, आज नको म्हणालो नाही तेही सांगितलं. मग डबी उघडून त्याच्यापुढे ठेवली.

त्यानं भिंग लावलं. खूप वेळ बघितलं. मला वाटलं आता ओरडेल. त्यानं भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे माझी स्प्रिंग बरोबर होती," म्हणाला.

एवढंच. सोळा दिवस हे एक वाक्य मी माझ्या खिशात ठेवलं होतं.