एकच केवळा

३ फेब्रुवारी, लातूर

सुकन्या, नांदेडच्या स्टँडवर मला एसटीत बसवून दिलंस आणि माझी मिश्रीची डबी तुझ्याच पर्समध्ये राहिली. एवढं शिकलीस, पण डोक्याला चाळणी लावून फिरतेस. आणि रोजचं रोज लिहून ठेव म्हणून सांगतेस कुणाला, तर मला. विसरणारी तू, वही माझ्या गळ्यात.

असो. अक्षराची आणि माझी कधी गाठ पडली नाही, म्हणून तुझ्या भावानं, सत्यमनं, तोड काढली. फोन समोर ठेवला. मी बोलायचं, फोन लिहिणार, सत्यम संध्याकाळी वाचून दाखवणार. मधेच तोंड न घालणारा असा गडी जन्मात पहिल्यांदा मिळाला बघ.

घर झकास आहे. तिसरा मजला, खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. सत्यमनं भिंतभर कागद चिकटवलाय, आपल्या घराण्याची वंशावळ. सात पिढ्यांचे पुरुष शिस्तीत उभे, बायकांच्या जागी नुसते रिकामे चौकोन. ते भरायला मला आणलंय, कारण आठवणारी मीच एक उरले. तुझ्या आजाचं नाव मात्र मी घेणार नाही म्हणाले, तुझं तू लिही. हसून हसून बेजार झाला.

तोंडात दात एक न्हाई. ताकातल्या कण्या पाठव, मऊ.

५ फेब्रुवारी

सत्यमनं भोकरहून कोतवाल बुकाची नक्कल आणलीय. जुन्या काळी गावात कोण जन्मलं, कोण मेलं, ते कोतवाल त्यात लिहायचा. त्यात निघालं, केवळाबाई, तुझ्या आजाची बायको, बाळंतपणात मयत. सत्यम माझ्याकडे बघतच राहिला. मी विचारलं, मग तुझ्यासमोर बसून चहा कोण पिऊन राहिलंय?

मग सांगितलं त्याला. ती पहिली. ती गेल्यावर मला आणलं, जळकोटाकडून. माझं माहेरचं नाव चांगुणा. सासू म्हणाली, केवळा तोंडात बसलंय, तेच राहू दे. म्हशीचंसुद्धा नाव बदलताना माणूस विचार करतो, पण मला कोण विचारतंय. वर गळ्यात ही चांदीची सवतीची पुतळी बांधली, मेलेल्या पहिलीची मूर्त. नवं लुगडं आधी हिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. घास आधी हिला, मग आपल्याला. पासष्ट वर्षं दाखवला.

सत्यमनं आजाशेजारी दोन चौकोनांत केवळाबाई, केवळाबाई असं लिहिलं होतं. माझं डोकं फिरलं. म्हणाले, ती आठ महिने नांदली, मी जन्मभर राबले. एकच केवळा ठेव. तो म्हणाला, आजी, नोंद आहे ती, खोडता येत नाही. मी रुसून जेवलेच नाही. शेवटी पांढरी शाई फिरवली त्यानं तिच्यावर.

मग पोटभर जेवले. कागदावरून गेली ती ताटावरूनही गेली. आज काही दाखवलं न्हाई तिला.

अकरा. आठ न्हाई, अकरा महिने नांदले मी.

६ फेब्रुवारी

सत्यमनं कालचं वाचून दाखवलं. शेवटची ओळ मी बोललेच नव्हते. तो म्हणाला, तूच बोललीस आजी, घरात दुसरं आहे कोण? मी म्हणाले, तुझ्या फोनला म्हातारचळ लागलाय.

पण ती किती महिने नांदली, हे मला तरी कुठं नक्की ठाऊक होतं?

कामाला जाताना सत्यम बाहेरून कुलूप लावतो. मागल्या खेपेला मी गंजगोलाईच्या बाजारात चुकले, तेव्हापासून. दुपारभर मी, फोन आणि ती भिंत. शाई वाळून चौकोन लख्ख पांढरा झालाय. नजर तिथंच जाते.

८ फेब्रुवारी

पुतळी जड झालीय. दोरा मानेत रुतून राहिलाय. सकाळपासून गाठ सोडतेय, सुटत न्हाई. सत्यमनं कात्री लावली, कात्रीचा स्क्रू निघून पडला. तो म्हणतो, राहू दे, जुनी वस्तू आहे.

कान धरले मी. सत्यमला म्हणाले, तिला तिच्या जागेवर लिही, केवळाबाई. आणि माझ्या चौकोनात माझं माहेरचं नाव लिही. कोणतं, म्हणाला, विसरला होता. मी सांगितलं. तो हसला. म्हणाला, आजी, पुन्हा केवळाच म्हणून राहिलीस.

सुकन्या, मी नीट सांगते. माझं नाव केवळा. पुन्हा सांगते, हळू. के — व — ळा.

आता संध्याकाळी तो वाचेल तेव्हा कळेल काय लिहिलंय ते.

९ फेब्रुवारी

वाचलं त्यानं. दोन्ही वेळा केवळा.

११ फेब्रुवारी

जिभेला काहीतरी टोचलं. बोट घालून बघितलं. दात. पुढचा. हिरडीतून वर आलेला, गुळगुळीत — ऐंशी ओलांडलेल्या बाईला —

सत्यम म्हणतो, आजी, तुझा आवाज किती खणखणीत झालाय. इथली हवा मानवली. आता उशिरा येतो, वाचायचं राहूनच जातं त्याचं.

१२ फेब्रुवारी, दुपार

चार दात आलेत. आतून दार वाजवलं मी. समोरच्या घरात टीव्ही चालू, कुणी — हात दाराला लागतो, पण वाजत न्हाई. हात लई हलका — गार —

तिला घास दाखवला. तिनं नको म्हटलं. पोट भरलंय म्हणाली.

१३ फेब्रुवारी

पायाखाली फरशी न्हाई. लोंबकळून राहिले. दोरा दिसतो, वर, जाड. आणि समोर छाती — कुणाची — श्वासाबरोबर मी वर, खाली, आपटून —

सुकन्या. मला माझं नाव बोलता येत न्हाई. तुला येतं. पाच तारखेचं उघड, तिथं लिहिलेलं आहे. मोठ्यानं म्हण, एकदा. तू तरी विसरू नको, बाळ, तू तरी —

१४ फेब्रुवारी

सुकन्या, मी मजेत आहे. सत्यमनं कागद भिंतीवर घट्ट बसवलाय, एकच केवळा, छान दिसतं. मागचं काही उघडून वाचत बसू नको. तशीही तुला कुठं आठवण राहते.

कण्या नकोत. फुटाणे पाठव, चांगले कडक भाजलेले, आणि वाळलेलं खोबरं. दात सगळे शाबूत हायेत माझे. खाईन निवांत. आधी गळ्यातल्या म्हातारीला दाखवीन, मग मी.