एकदाच दाबायचं बटण

४ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

फोनवर तू नुसते हुंकार भरतोस आणि दोन मिनिटांत ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. पत्राचं हुंकारावर भागत नाही, दोन ओळी खरडाव्याच लागतात.

तुझं फाटक बिघडलंय. तुझं म्हणते, कारण शिकाऊ होतास तेव्हा तूच ते बसवलंस, आणि बाबांनी तर सहा वर्षं त्याला दुसरं नावच दिलेलं नाही. पंधरा दिवस झाले, रिमोट दाबला की अर्धं सरकतं आणि ढिम्म उभं राहतं. कधी उघडता उघडता उलटं फिरतं. दुसरा मेकॅनिक बोलावते म्हटलं तर बाबा कुणाला हात लावू देत नाहीत. का, ते विचारायची सोय नाही.

एरवी मी तुला त्रास दिला नसता. पण गेल्या महिन्यात बाबांच्या छातीत कळ आली होती. डॉक्टरांनी बजावलंय, पुन्हा दुखलं तर एक मिनिटही घालवायचं नाही. आणि आईच्या वेळी काय झालं ते तुला ठाऊक आहे. भर दुपारी ती गाडीत मागे धापा टाकत होती, गाडी बाबा काढत होते, फाटक असंच अर्ध्यात अडकलेलं. मी शाळेत शिकवत होते, तू कामावर, आणि फाटकाची मोटार सोडवून ते हाताने सरकवायची किल्ली तुझ्या जुडग्यात. शेजारच्या सुताराने पहार घालून फाटक रुळावरून उचकटलं, तोवर वीस मिनिटं गेली. तिसऱ्या दिवशी बाबा तुला म्हणाले की तुझ्या फाटकाने तिचा जीव घेतला. तू अवाक्षर न काढता बॅग भरलीस.

मला पुन्हा ती दुपार नको आहे रे. काय करायचं ते नीट लिहून पाठव. मला पेचकस कसा धरायचा इथपासून सांग, लाजू नकोस.

लोभ आहेच. तो किती आहे ते तुझ्या उत्तराच्या लांबीवरून मोजीन.

तुझी ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

किल्ली याच पाकिटात आहे. ती अजून माझ्याच जुडग्यात होती. काढायला हात धजत नव्हता, आज काढली. आता ती घरातच राहू दे, दाराच्या मागे खिळ्याला, सगळ्यांना दिसेल अशी. हे तेव्हाच करायला हवं होतं.

आता काम. आधी मोटारीची वीज बंद कर. किल्ली खालच्या भोकात घालून उजवीकडे फिरव, मोटार सुटेल. मग फाटक हाताने ढकल. जड गेलं तर दोष रुळाचा किंवा चाकांचा आहे, हलकं गेलं तर दुसरीकडे शोधू. रुळात खडे, पाला, काय असेल ते झाडून काढ. दोन्ही खांबांवर गुडघ्याइतक्या उंचीला काळ्या काचेचे दोन डोळे आहेत, ते एकमेकांकडे बघत असतात. मध्ये कोळ्याचं जाळं आलं तरी त्यांना वाटतं माणूसच उभा आहे. ओल्या फडक्याने पूस. मग वीज लावून दोन्ही रिमोटमध्ये नवी बॅटरी घाल आणि प्रत्येकाने दहा-दहा वेळा फाटक उघडून बघ. कुणाच्या हातात बिघडतं ते लिहून ठेव. अंदाजाने काही ठरवू नकोस.

इथे मी दिवसाला तीन-चार फाटकं दुरुस्त करतो. लोक चहा देतात, मी नाही म्हणतो. कुणाच्या अंगणात जास्त वेळ उभं राहवत नाही, एवढंच.

बाबांची औषधं वेळेवर चालू आहेत का ते कळव. मी विचारलं असं त्यांना सांगू नकोस.

माया कमी होऊ देऊ नकोस, मी दूर असलो तरी.

खटपट्या

२२ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

औषधं वेळेवर आहेत. तू विचारलंस असं सांगितलं नाही, पण पाकिटातून किल्ली पडली ती त्यांनी पाहिली. हातात घेतली, अंगठ्याने पुसली आणि स्वतःच दारामागे खिळा ठोकला.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. रूळ झाडला. डोळे पुसले. जाळं होतं, कोळीही होता, त्याची रवानगी कुंडीत केली. किल्ली फिरवल्यावर फाटक एका बोटाने सरकलं. मग मी रिमोट दाबला, दहापैकी दहा वेळा सुरळीत उघडलं. बाबांच्या हातात दहापैकी सात वेळा अडकलं.

मी म्हटलं, त्यांचाच रिमोट गेला. अदलाबदल केली. तर माझ्या हातात त्यांचा रिमोट शहाण्यासारखा वागला आणि त्यांच्या हातात माझा बिघडला! मी चक्रावले. मग स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून पाहिलं. बाबा एकदा दाबतात, फाटकाकडे बघतात, हलायला लागलं तरी त्यांना धीर धरवत नाही. पुन्हा दाबतात, पुन्हा, पुन्हा. चार वेळा मोजलं मी. चेहरा असा झाला होता की मी खिडकीतून मागे सरले.

ज्या माणसाने तीस वर्षं टायपिंगच्या वर्गात मुलांना बजावलं की एका अक्षरावर बोट एकदाच पडलं पाहिजे, त्याचं हे. याने काही बिघडत असेल का? की मी उगीच खुसपट काढतेय?

उत्तर लवकर दे. लोभाची मोजपट्टी अजून माझ्याच हातात आहे.

तुझी ताई

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन हिंडलो. खुसपट नाही ताई, हाच बिघाड आहे.

त्या फाटकाला बटण एकच. पहिल्यांदा दाबलं की उघडायला लागतं, दुसऱ्यांदा थांबतं, तिसऱ्यांदा बंद व्हायला लागतं. घाईघाईने दाबत राहिलं तर ते जागच्या जागी पुढेमागे करत बसतं. त्या दुपारीही तेच झालं असणार. फाटक धड होतं. घाबरलेला माणूस दाबत राहिला.

हे बाबांना कधीही कळता कामा नये. तुला माझी शपथ. तिच्यासाठी जिवाच्या आकांताने दाबत होते ते. आता या वयात, या छातीवर, हे ओझं ठेवू नकोस. मला सवय झाली आहे.

आणि दोष माझाही आहेच, तो उगीच मोठेपणाने सांगत नाही. मोटारीच्या पेटीतल्या बोर्डावर तीन नंबरचा बारीक खटका आहे. तो वर केला की उघडताना कितीही दाबा, फाटक ऐकत नाही, पूर्ण उघडूनच थांबतं. मी तो खालीच ठेवला होता. पाहुण्यांना फाटक मध्येच थांबवून दाखवायची हौस होती मला. तेवढ्या ऐटीसाठी. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

तेव्हा वीज बंद करून तो खटका वर कर. बाबांसाठी मोठ्या बटणाचा नवा रिमोट आण. नव्याला बोर्डात जागा हवी म्हणून जोडण्याआधी बोर्डावरचं लाल बटण दिवा विझेपर्यंत दाबून धर, म्हणजे जुन्या सगळ्या रिमोटची ओळख पुसली जाईल. मग तुमचे दोन एकेक करून नव्याने जोड. माझा तिसरा आहे, तो जाईल. जाऊ दे.

हे पत्र वाचून फाडून टाक. लोभ ठेव, बाकी मागणं नाही.

खटपट्या

११ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

पत्र फाडलं नाही, चुकले. खटका सापडावा म्हणून ते मोटारीच्या पेटीवर टॉर्चखाली उघडं ठेवलं होतं आणि चिमटा आणायला आत गेले. परत आले तेव्हा बाबा चष्मा लावून वाचत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खटका स्वतः वर केला. लाल बटणाकडे माझा हात गेला, तो त्यांनी धरला. मग खोलीत जाऊन टायपिंगच्या यंत्रावरचं कापड काढलं. सोबतचा कागद त्यांचा आहे. मी वाचलेला नाही.

ताई

११ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मीच तुम्हांला शिकवलं होतं.

तुला वाटेल, हे मला आज कळलं. तसं नाही. तू गेल्यावर महिन्याभराने मी एक मेकॅनिक आणला होता. त्याने सगळं तपासलं आणि सांगितलं की फाटकात काहीही बिघाड नाही. मी कसं दाबलं तेही त्याने विचारलं. त्याच दिवशी मला कळलं. मी त्याला घालवून दिलं आणि पुन्हा कुणाला त्या पेटीला हात लावू दिला नाही. ताईलाही बोललो नाही. तुझ्यावर घातलेला आळ मला परत घ्यायचा होता, तो घेता आला नाही. रोज उद्या लिहू म्हणालो. तू गप्प बसलास ते न कळता. मी गप्प बसलो ते कळून.

तेव्हापासून फाटक समोर आलं की मागच्या सीटवर ती आहे असंच वाटतं, आणि आता छातीचं दुखणं आल्यापासून अंगठा मुळीच ऐकत नाही. तुझ्या खटक्याने आज ते पूर्ण उघडलं. मी सहा वेळा दाबलं होतं.

माझी चूक झाली. तुला मी घराबाहेर काढलं.

लाल बटण मी दाबू दिलं नाही. नवा रिमोट जुन्यांच्या जोडीलाच जोडला, जागा होती. तुझ्या रिमोटची ओळख त्या बोर्डात जशी होती तशीच आहे. तुझ्याकडे तो असेल तर त्यात नवी बॅटरी घाल आणि ये. रस्त्यावरूनच दाब, एकदाच. मी व्हरांड्यात बसलेला असेन, हातात काहीही न घेता.

बाबा