अक्काशेजारची जागा

लिहून ठेवते मी, महानंदा भ्र. मलप्पा हलकुडे, वय एकोणसत्तर, धंदा घरकाम, रा. रेणापूर, जि. लातूर, की माझी बुद्धी शाबूत आहे, चष्मा डोळ्यांवर आहे आणि कुणी मला धाक किंवा लालूच दाखवलेली नाही. लालूच दाखवायलासुद्धा घरी कुणी येत नाही. या अगोदर मी मृत्युपत्र केलेलं नाही.

मला मूलबाळ नाही. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला. पंधरा दिवसांत बिलोलीहून भाऊ न्यायला आला. थोरले दीर संगप्पा म्हणाले, "जाऊ द्या तिला, वय हाय आजून." तेव्हा माझी थोरली जाऊ रत्नम्मा पिठाच्या हातानं चुलीपुढून उठली. म्हणाली, "ती कुठं जात न्हाई. मला एकटीला हितं करमत न्हाई." झालं. भाऊ जेवला आणि परत गेला. मी तिला अक्का म्हणायची, बाकी सगळं गाव अव्वा म्हणायचं. पुढची बेचाळीस वर्षं आम्ही एका चुलीवर काढली. आता अक्काला जाऊन सहा वर्षं झाली, आणि मला एकटीला इथं करमत नाही.

कलम एक. राहत्या घरातला माझा हिस्सा अक्काची मुलं, मृत्युंजय आणि अंजू, यांना निम्मा निम्मा. तो पुण्याला, ती हैदराबादला. भांडायला का होईना, दोघांनी एकदा इथं यावं.

कलम दोन. अक्काची पितळी परात मृत्युंजयची मुलगी अक्षरा हिला द्यावी. फोन करून "धाकटी आजी, आज काय खाल्लं?" असं विचारणारी ती एकटीच. या परातीत अक्का घरात असतील त्याहून चार माणसांचं पीठ जास्त मळायची. कोण येणार आहे, हे तिला माहीत नसायचं, पण कुणीतरी यायचंच. एसटी चुकलेले यायचे, दवाखान्यात आलेल्यांचे नातेवाईक यायचे, बांगड्या विकणारी यायची. मला अजूनही एकटीपुरतं पीठ मळता येत नाही. तीन भाकरी होतात. एक मी खाते, दोन समोरच्या शरणप्पांच्या गाईला.

कलम तीन. माझी हिरवी इरकल शोधू नये. ती अक्कानं मला न विचारता एका लेकुरवाळीला दिली, मी आंघोळीला गेले होते तेव्हा. मी आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "तुझी दिली, कारण तू माझी हायेस. दुसऱ्याची कशी देऊ?" राग मात्र अजून आहे, तो कुणाच्याही नावे करत नाही.

कलम चार. बँकेतली ठेव मोडून अक्काच्या पुण्यतिथीला दारात येईल त्याला जेवू घालावं. पत्रिका छापू नये, फोटो काढू नये.

कलम पाच. शिवारातली माझ्या नावची दोन एकर जमीन मृत्युंजयला. तिचे प्लॉट पाडायचं त्याच्या मनात आहे. अक्काला मातीत ठेवलं त्याच दिवशी तो बांधावर चालत रस्ता किती लागतो ते पावलांनी मोजत होता. मी पाहिलं, मृत्युंजय. विकायची तर वीक, पण जिथं अक्काची समाधी आहे तो कोपऱ्यातला तुकडा आणि तिथवरची पायवाट कधीही विकायची नाही. मला तिथंच, तिच्या शेजारी पुरायचं. हे मान्य नसेल तर सगळी जमीन मठाला जाईल. एवढा हट्ट का, ते पुढं लिहिते.

कलम सहा. हा कागद तपासणाऱ्या वकीलसाहेबांना माहीत नाही, म्हणून सांगते. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, आणि जन्मभर गळ्यात बाळगलेलं त्याचं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात. ज्याचं त्यालाच. अक्काला लातूरच्या दवाखान्यात तपासणीला आत नेताना गळ्यातलं काढायला सांगितलं. मी ते खाली कुठं ठेवू? माझ्याच गळ्यात घातलं. लिंग ज्यात असतं त्या आमच्या दोन्ही डब्या चांदीच्या, एकाच सोनाराच्या. मी विधवा झाले त्या वर्षी अक्कानंच जोडीनं करून घेतल्या होत्या. संध्याकाळी अक्का गेली. दुसऱ्या दिवशी खड्ड्याशी उमाशंकर स्वामी म्हणाले, "लिंग द्या." मी गळ्यातून एक काढून दिलं.

पाचव्या दिवशी पूजेला डबी उघडली. अक्काच्या लिंगाला कडेला बारीक चीर होती. ती चीर माझ्या तळहातावर होती.

मी कुणाला सांगितलं नाही. लोकांनी माती उकरायला लावली असती, नाहीतर अक्काला गती मिळाली नाही म्हणाले असते. सहा वर्षं मी तिचं लिंग पूजते आहे. रोज हात जोडून तिची माफी मागते, आणि घरात ऐकायला दुसरं कुणी नसतं. आयुष्यभर तिनं आपलं सगळं वाटलं. हे एकच तिनं दिलेलं नाही, मी ठेवून घेतलं.

म्हणून मला नवीन लिंग देऊ नये, शुद्धी करू नये. माझ्या गळ्यातलं आहे तेच माझ्या डाव्या हातावर ठेवावं आणि मला अक्काच्या डाव्या अंगाला, अगदी जवळ बसवावं. आमचं आम्ही बदलून घेऊ.

हे मी स्वतः लिहिलं, साक्षीदारांनी माझ्यासमोर वाचलं.

सही: महानंदा मलप्पा हलकुडे
रेणापूर, दि. १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: शरणप्पा हालगे, समोरचं घर. सही.

साक्षीदार २: उमाशंकर स्वामी. सही. खाली माझ्या हातानं लिहितो: बाई, खड्ड्याशी डबी मीच उघडली होती. अव्वाच्या लिंगाची चीर मला ठावी होती, ती त्यात न्हाई हे मला तवाच दिसलं. तुमच्याकडं बघितलं आन् मला सांगवलं न्हाई.