यंत्राचा मास्तर

सोमवार, ३
सीमेवरच्या तपासणी नाक्यावर आज रुजू झालो. खोली लहान, पण खिडकी पूर्वेला. सकाळचा जप उन्हात बसून झाला. काम सोपं. कमानीखालून ट्रक जातो, पडद्यावर त्याचं आरपार करडं चित्र उमटतं. अमली माल लपवल्याचा संशय आला की यंत्र तिथं लाल चौकोन काढतं. चित्र नीट निरखून मी ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ दाबायचं. त्यावरून ते पुढचं शिकतं. गावच्या शाळेत शिकलेला मी पन्नाशीत यंत्राचा मास्तर झालो, असं बायकोला फोनवर सांगितलं. म्हणाली, मग एक छडीही मागून घ्या.

गुरुवार, ६
एका म्हाताऱ्या चालकाच्या पोटावर चौकोन आला. ते बाबा म्हणाले, हर्नियाचा पट्टा आहे रे लेकरा. चित्रात बक्कल मला स्वच्छ दिसत होती. साहेब म्हणाले, पुड्या गिळल्या असतील; आणि यंत्र चुकतं असं वर कळलं, तर तुम्हाला उद्या इथं बसवायचं कशाला? मी ‘बरोबर’ दाबलं.

शुक्रवार, ७
बाबांना जुलाबाचं औषध पाजून मागच्या खोलीत कोंडलं होतं. सकाळी तिथंच वारले. पोटात काहीच निघालं नाही. साहेब म्हणाले, नोंद तशीच राहू द्या. मी राहू दिली. जपात मन लागलं नाही.

मंगळवार, ११
आता प्रत्येक चालकाच्या पोटावर चौकोन येतो. ‘चूक’ दाबलं तरी यंत्र जुमानत नाही. तंत्रज्ञ म्हणाला, काका, तुमचंच ऐकून शिकलंय ते.

बुधवार, १२
ट्रक रिकामा. चालक खाली, माझ्यासमोर उभा. चित्रात मात्र आसनावर कोणीतरी पोट धरून बसलेलं. बक्कल —
पडदा पुसला. ते हललं नाही.

गुरुवार, १३
धाकट्या भावाचा फोन. म्हणाला, दादा, उद्या तुझ्याच नाक्यावरून ट्रक आणतोय, चहा तयार ठेव. दुसऱ्या वाटेनं जा म्हटलं, तर हसला.
साहेबांना खरं सांगितलं, बक्कल दिसली होती. ते म्हणाले, मग म्हातारा तुमच्यामुळे मेला, असं लिहून द्या.
नाही दिलं.

शुक्रवार, १४
भाऊ एकटाच आला. चित्रात दोघं.
बाबांचा हात भावाच्या पोटावर. तिथंच चौकोन.
‘चूक’. ‘चूक’. ‘चूक’ —

भावाला मागच्या खोलीत नेलं. म्हातारा माझ्यामुळे मेला, असं मी लिहून दिलं. सही केली. साहेब कागद वाचत नाहीत. म्हणाले, आता कशाला.

दार उघडत नाही. आतून दादा, दादा — देवा, त्याला —

हाक थांबली.
आता भिंतीपलीकडून फक्त बाबा बोलताहेत. म्हणताहेत की —