निळ्या शाईचा रकाना

प्रिय बाबूमास्तर,

काल तुमच्याच दुकानात बसून मी तुमच्या लेकीशी, सुमनशी खोटं बोललो, आणि ते तुमच्या नावावर खपवलं. तुम्हाला जाऊन अकरा महिने झाले. तुम्ही असता तर कात्री खाली ठेवून चष्म्याच्या वरून नुसतं पाहिलं असतं, आणि मी पुढचं वाक्य गिळलं असतं. आता पाहणारं कोणी नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

तुमची वही छापतायत, मास्तर. ती लांबट, मापांची वही. डावीकडे जवानाचं नाव, छाती, कंबर, बाही. उजवीकडे त्याच्या तोंडून ऐकलेला एखादा शब्द, त्याच्या भाषेतला अर्थ, आपल्या मराठीतला अर्थ, आणि शेवटच्या अरुंद रकान्यात निळ्या शाईने दोनच शब्द : ‘नातं न्हाई’. चाळीस वर्षं भिंगारच्या छावणी बाजारात वर्द्या शिवल्यात तुम्ही. लष्कराने देशभरातून माणसं आणून तुमच्या टेपसमोर हात पसरून उभी केली. ही सोय कुठल्या प्राध्यापकाला मिळाली असती?

सुरुवात पट्टीपासून झाली ना? केरळच्या एका जवानाच्या खिशावर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, इथे तुमची पट्टी लावू. नावाची पट्टी म्हणायची होती तुम्हाला. त्याच्याकडे पट्टी म्हणजे कुत्रा. तो भडकला, तुम्ही चहा मागवला, आणि तो शांत झाल्यावर शब्द लिहून घेतलात. मग नादच लागला. तमिळ माणसाचा ‘काल’ म्हणजे पाय. मणिपुरी माणसाचा ‘चाक’ म्हणजे भात. तुमचा हात मशीनच्या चाकावर आणि तो भाताबद्दल बोलतोय, याची तुम्हाला केवढी गंमत वाटायची!

अशात मी आलो, संस्कृतचा मास्तर, शर्ट शिवायला. तुम्ही कौतुकाने वही दाखवलीत आणि मी कोणी विचारलं नसताना खिशातलं लाल पेन काढलं. ते अक्षर आज वाचताना कानशिलं तापतात. ‘कलयति इति कालः. काळ चालतो, चालण्याचे साधन पाय, सबब तमिळ काल हा संस्कृतच.’ ‘चाक’ या शब्दाखाली तर मी कमाल केली. चक्र, म्हणून ऋतुचक्र, म्हणून पीक, म्हणून भात! या अकलेवर मुंगी आणि मंगळवार सख्खी भावंडं ठरवता येतील. आणि मला म्हणे व्याकरणात पहिला वर्ग होता.

तुम्ही रागावला नाहीत, तेच झोंबलं. खुंटीवरच्या दोन वर्द्या काढून तुम्ही टेबलावर एकीवर एक अंथरल्यात. खांद्याला खांदा लागला, बाहीला बाही.

“शास्त्रीबुवा, ही मदुरैवाल्याची, ही इंफाळवाल्याची,” तुम्ही म्हणालात. “दोघांची छाती अडतीस, कंबर बत्तीस. माप सारखं आलं म्हनून भाऊ झाले का? भाऊ हायेत का न्हाई, ते दोघांच्या घरी जाऊन इचारावं लागतंय.”

मी हसलो. पुढे कुणाला सांगताना ‘आमचे टेलर गमतीदार बोलतात’ एवढंच सांगितलं. शब्दाचं घर गाठावं, त्याचे आईबाप विचारावेत, मग सोयरिकीची भाषा करावी. हे मला शिकवायला जाडजूड ग्रंथ लागले, तरी समजलं नाही. तुम्हाला दोन शर्ट पुरले.

पण एक सांगा, मास्तर. माझ्या लाल रेघोट्या वाढत होत्या तेव्हा एकदा तरी हात धरायचा होता! गिऱ्हाईक दुखवायचं नाही, हा तुमचा धर्म. माझ्या प्रत्येक टिपणाखाली तुम्ही पुन्हा शांतपणे आपले दोन निळे शब्द लिहीत राहिलात. त्या भिडस्तपणाचं काय झालंय ते ऐका.

सुमनने वही मला दोन दिवसांसाठी वाचायला दिली होती, ती अजून माझ्याकडेच आहे. मी ती शहरातल्या भाषाप्रेमी मंडळींना नेऊन दाखवली, छापण्यासाठी उतरवूनही घेऊ दिली. का? त्यांनी माझ्या लाल शाईला ‘मूलगामी’ म्हटलं म्हणून. एवढ्या स्वस्तात गेलो मी.

या मंडळींचे अध्यक्ष तुम्हाला माहीत नाहीत, तुमचं भाग्य. त्यांना दीड श्लोक येतो. पूर्ण तो लग्नात म्हणतात, अर्धा सत्कारात. परवा त्यांच्या बैठकीत मला छपाईची प्रुफं मिळाली. मुखपृष्ठावर गळ्यात टेप घातलेले तुम्ही, आणि खाली जगातल्या सगळ्या भाषा संस्कृतातून जन्मल्याचं एका सातवी शिकलेल्या शिंप्याने सिद्ध केल्याची घोषणा. आत माझं लाल सगळं तुमचं म्हणून छापलेलं. निळा रकाना गायब. तुमच्या वर्षश्राद्धाला प्रकाशन, आणि प्रस्तावना मी लिहायची.

रकाना कुठे गेला, विचारलं. अध्यक्षांनी बिस्कीट चहात बुडवलं. वाचकाचा गोंधळ होतो म्हणाले. मी म्हटलं, निदान माझं ते माझ्या नावावर छापा. तर म्हणाले, “सर, तुमच्या नावावर ती पंडिती वाटेल. टेलरच्या नावावर चमत्कार वाटतो.”

संस्कृतला स्वतःची लेकरं कमी आहेत का, मास्तर, की तिने लोकांची पळवून आणावीत? ज्या भाषेवर मी जगलो तिला या लोकांनी मुलं पळवणारी बाई करून ठेवलंय, आणि पहिली झोळी मी शिवून दिली. तरी मी त्यांचा चहा पूर्ण प्यायलो. प्रुफं पिशवीत घातली आणि नमस्कार करून निघालो.

काल ती सुमनला दाखवायला गेलो. मशीन थांबवून तिने पानं उलटली. तुमच्या फोटोवरून हात फिरवला. मग एका पानावर थबकली.

“सर, बाबा तर सारखं म्हणायचे, नातं न्हाई. मग हे कधी लिहिलं त्यांनी?”

मी म्हटलं, “शेवटी शेवटी मत बदललं असेल.”

तिने प्रुफं नीट जुळवून ठेवली. मग म्हणाली, “म्हणजे शेवटी तुमचं ऐकलं त्यांनी. बरं झालं.” आणि तिने कपाटातून एक खाकी वेष्टन काढून दाखवलं. उरलेल्या कापडाचं, बारीक दुहेरी टिपेचं, पहिल्या प्रतीसाठी शिवलेलं. पुस्तक अजून हातात आलं नाही म्हणून माप तिने वहीचंच घेतलंय. छापलेलं पुस्तक रुंद आहे, त्या लांबट वेष्टनात बसणारच नाही. हे तिला कळायचंय, मला कालच कळलं.

घरी येऊन तुमची वही पुन्हा उघडली. माझं पान सापडलं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या पानांवर लिहीत होतो, स्वतःचं कधी पाहिलं नव्हतं. ‘शास्त्रीबुवा. छाती छत्तीस. गळा साडेपंधरा, बोलताना फुगतो, अर्धा इंच जादा सोडणे.’ म्हणजे सगळं दिसत होतं तुम्हाला! दिसलं, आणि बोलून दाखवण्याऐवजी कापड सोडलंत.

आता शब्द देतो, मास्तर. उद्या सकाळी आधी सुमनकडे जाईन. तुमचं मत बदललं नव्हतं, लाल अक्षर माझं आणि कालचं खोटंही माझं, हे तिच्या तोंडावर सांगेन, आणि वही त्या वेष्टनात घालून तिच्या हातात देईन. तिथून अध्यक्षांकडे. त्यांना सांगेन, रकाना छापणार नसाल तर वही नाही, प्रस्तावना नाही, मीही नाही. ते मला नावं ठेवतील, दीड श्लोक ऐकवतील. तुम्ही शिवलेला शर्ट घालून जाईन, वरचं बटण लावून. बोलताना गळा फुगला तर तुमचा अर्धा इंच आहेच.

तुमचा,
शास्त्रीबुवा
(छाती छत्तीस)