विहीणबाईंचा मोठा उपास

सिंदी मेघे, वर्धा
दि. २० फेब्रुवारी २०२५

ती. स्व. तानबामामा यांस,
हेमराजचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आई आणि मी येथे खुशाल आहोत. तुमच्या कानांना फोन ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहून पाठवलेलं तुम्ही उघडत नाही, म्हणून हे पत्र आदेशच्या हाती देत आहे. आदेश आमच्याच गल्लीतला, रोज जामला कामाला येतो. सकाळी तुमच्या भोजनालयात पत्र देईल आणि उत्तर लिहिलंत तर संध्याकाळी परत आणील.

कारण असं, की रूपालीताईच्या सासूबाई आपल्याकडे येत आहेत. यानिसभाऊजी ग्रीसचे हे तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, दोघं पुण्याला नोकरी करतात, पण त्यांच्या आई एलेनीबाई भारतात पहिल्यांदाच आल्या आहेत. ताईला सहावा महिना लागतो आहे. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी व्हावं ही आईची इच्छा. ताईही तयार आहे. भाऊजी म्हणतात, माझी हरकत नाही, पण माझ्या आईला पटलं पाहिजे. आणि एलेनीबाईंचं म्हणणं, भर उन्हाळ्यात वर्ध्याला कशाला, पुणंच बरं. तरी एकदा घर डोळ्यांनी बघते आणि मग सांगते, असं त्या म्हणाल्या. ताईला डॉक्टरांनी महिनाभर प्रवास नको सांगितला आहे, म्हणून मीच पुण्याला जाऊन त्यांना ५ मार्चला घेऊन येणार. रविवारी, ९ तारखेला परत जातील.

मामा, आईने जुन्या सुती साड्या दोनदा उकळून, वाळवून, दुपट्यांसाठी घड्या करून ठेवल्या आहेत. बाई नाही म्हणाल्या तर आई एक शब्द बोलणार नाही. गुपचूप घड्या परत ट्रंकेत ठेवील. ते मला बघवणार नाही.

तुम्ही अकरा वर्षं ग्रीक मालकाच्या जहाजावर स्वयंपाकी होता. ती माणसं काय खातात, ते सिंदी मेघेत कसं मिळवायचं, आणि पहिल्या दिवशी ताटात काय वाढायचं, हे कृपया सविस्तर कळवावे. मी वहीत उतरवून घेईन.

मामींना नमस्कार. आजवर केलीत तशीच माया पुढेही असू द्यावी.

तुमचा भाचा
हेमराज

•

जाम
ता. २२

चि. हेमराजले तानबामामाचे भरपूर आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. दोनदा वाचलं. एकदा मजकुरासाठी, एकदा अक्षरासाठी. अकरावीत नापास झालेल्या पोराचं एवढं सुद्ध अक्षर पाहून तुह्या मामीनं ते गल्ल्यावर बसलेल्या अण्णाजीले दाखवलं. अण्णाजी म्हणे, याले तहसीलदार करा. मी म्हटलं, तहसीलदारच याच्या दुकानात झेरॉक्स काढाले येते, अजून काय पाह्यजे.

आता काऊन घाबरून राह्यला बे? ग्रीक मानूस म्हंजे काही वाघ नाई. आपल्यासारखाच कांदा खाते, भाकर मोडून खाते, जेवताना मोठ्यानं बोलते. दही मात्र त्याईले घट्ट लागते, पानी काढून. म्हंजे आपला चक्का. त्यात काकडी किसजो, लसून टाकजो, साखर टाकू नको. तुही माय प्रमिला सवयीनं साखर टाकते, तिचा हात धरजो. वांगं भाजून भरीत कर, पन फोडनी देऊ नको, वरून तेल आन लिंबू. पनीर दोन दिवस मिठाच्या पान्यात बुडवून ठेवजो, मंग टमाटर, काकडी, कांद्याच्या फोडीवर कुस्करून टाकजो. जहाजावर हे रोज लागे. त्याईचे ते खारवलेले काळे फळ, ऑलिव्ह, ते नागपूरले भेटतीन.

मीच आलो असतो. पन लगनसराई हाये, दोन आचारी पयाले, भट्टी सोडता येत नाई.

प्रमिलेले सांगजो, भाऊ म्हनते लेक माहेरीच येईन. जिवाले जपजो.

तुहा मामा
तानबा

•

सिंदी मेघे
दि. १ मार्च २०२५

ती. स्व. मामा यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. साखरेचं वाक्य मी गाळणार होतो, पण तिने पत्र हातात घेऊन स्वतः वाचलं. म्हणाली, दादाला चाळीस वर्षांपूर्वीची एक कोशिंबीर अजून आठवते.

ऑलिव्हसाठी नागपूरला जायच्या आधी इथेच काही मिळतं का ते बघावं म्हटलं. सिंदी मेघेत तीन किराणा दुकानं फिरलो. एकाने ऑलिव्हचं तेल दाखवलं, पण बाटलीवर लहान बाळाच्या मालिशीचं चित्र होतं. मग कळलं, की नालवाडीला एका नव्या कॅफेच्या फलकावर ग्रीक सॅलड लिहिलेलं आहे. सायकलने गेलो. मालकीण हर्षा म्हणून आहे, स्वभावाने चांगली. बशी आली, तीत पत्ताकोबी, डाळिंबाचे दाणे, अंड्याचा पांढरा सॉस आणि वरून चाट मसाला. मी भीत भीत विचारलं, की यात ग्रीक नेमकं काय आहे. तिने खरं सांगितलं, की नाव ठेवायला दुसरं काही सुचलं नाही, आणि आजवर विचारणारे तुम्ही पहिलेच. मी संपूर्ण बशी खाल्ली. टाकून देणं बरं दिसलं नसतं. जाताना तिने खारवलेल्या ऑलिव्हची अर्धी बरणी मला दिली, तिच्याकडे कोणी खात नव्हतं.

पनीर मिठाच्या पाण्यात टाकलं आहे. चक्का बांधून बघितला, काकडीचाही बेत करून पाहिला. आईने खाल्ला आणि म्हणाली, साखर असती तर बरं झालं असतं. भरीत मात्र तिला आवडलं, पण फोडणीशिवाय पाहुण्यासमोर ठेवायला लाज वाटते म्हणते.

मी उद्या पुण्याला निघतो. मनात सारखं येतं, की आपलं काहीतरी राहून गेलं आहे.

आशीर्वाद असू द्यावेत, आत्ता तर फारच लागतील.

तुमचा
हेमराज

•

सिंदी मेघे
दि. ७ मार्च २०२५, सकाळी

ती. स्व. मामा यांस,
नमस्कार. घाईत लिहितो, आदेश दारात उभा आहे.

मामा, बाई जेवत नाहीत.

सोमवारी ताईचा आईला फोन आला होता, की सासूबाईंचा मोठा उपास सुरू झाला आहे. आई इतकी खूश झाली की काय सांगू. मला पुण्याला फोन करून म्हणाली, एवढ्या दूरची बाई, आणि आपल्यासारखा उपास करते! मग तुझी वही ठेव बाजूला, उपासाचं मला कुणी शिकवायला नको. मी आल्यावर वही दाखवली तर म्हणाली, उपासाला कांदा-लसूण आणि वांगं कोण देतं? पनीर शेजारी सीताबाईंना देऊन टाकलं.

बुधवारी सकाळी पोहोचलो. आईने साजूक तुपात साबुदाण्याची खिचडी केली, बरोबर दही. बाईंनी हात जोडले, हसल्या, एक चमचा उचलून वास घेतला आणि खाली ठेवला. नंतर पेलाभर दूध दिलं, त्यांनी बोटाने विचारलं, मिल्क? मी म्हटलं, येस, प्युअर मिल्क, आत्ताच काढलेलं. तेही राहिलं. संध्याकाळी भगर, तुपातले बटाटे, रताळ्याचा गोड कीस. त्यांनी दोन केळी आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे खाल्ले. काल गुरुवार, आईचाही उपास, म्हणून तीही सोबतीला बसली. तिने श्रीखंड केलं. बाई श्रीखंडाकडे बघत राहिल्या, मग आईकडे, मग माझ्याकडे.

माझ्यासाठी रोजचं वरण-भात होतं. त्यांना उपास मोडायची इच्छा होऊ नये म्हणून आईने मला मागच्या पडवीत बसवून वाढलं आणि वरणाचं पातेलं झाकून वर परात ठेवली. मी पहिला घास घेतो तोच बाई पाणी मागायला आल्या. माझ्या ताटाकडे इतका वेळ बघत राहिल्या, की मी ताट पाठीआड सरकवलं.

काल सेवाग्रामचा दवाखाना दाखवला. त्यांनी खाटा मोजल्या, नर्सबाईंना सहा प्रश्न विचारले, समाधानी दिसल्या. पण नंतर मुलाला फोन करून हळू आवाजात बोलत होत्या. त्यात रूपाली हे नाव तीनदा आलं आणि पुणे दोनदा. मला वाटतं, त्यांचं ठरलं. ज्या घरात आपल्याला धड घासभर मिळालं नाही, तिथे सून कशी पाठवायची, असंच कुणालाही वाटेल. ताईला विचारलं असतं, पण तिचा रक्तदाब वाढायला नको.

आमचं काय चुकतं आहे? संध्याकाळपर्यंत कळवा.

हेमराज

•

जाम
ता. ७, दुपार

चि. हेमराज,
आशीर्वाद पहिले घे, शिव्या मागून.

अरे येड्यांनो, तुम्ही त्या माउलीले उपाशी मारून राह्यले!

चूक माही बी हाये. त्याईचा मोठा उपास होळीच्या आगंमागं येते, दरसाली तारीख सरकते, मी इसरूनच गेलतो. अठ्ठेचाळीस दिवसाचा असते. आन तो आपल्या उपासाच्या उलटा. त्यात दूध नाई, दही नाई, तूप नाई, लोनी नाई, अंडं नाई, मटन नाई. गाईम्हशीचं काहीच नाई. बाकी डाळ, कांदा, लसून, वांगं, भाकर, समदं चालते. म्हंजे प्रमिलेनं जे तिच्यापुढं ठेवलं ते समदं तिले वर्ज्य, आन जे परातीखाली लपवलं तेच तिचं जेवन. वा रे पाहुनचार!

जहाजावर पहिल्या वर्षी मी बी असाच फसलो. उपास हाये म्हनून कप्तानाले खीर नेऊन देल्ली. तो खीर पाहून असा हसला, का त्याची टोपी पडली. मंग त्यानंच मले शिकवलं. पिवळी डाळ घट्ट शिजवाची, घोटाची, वरून कच्चं तेल, बारीक कांदा, लिंबू. मी पहिला घास खाल्ला आन मले आपल्या मायच्या हातच्या लाखोळीच्या वरनाची याद आली. तीन महिने समुद्रात होतो. मी भांड्याकडं तोंड करून उभा राह्यलो, कोनाले दिसू नाई देल्लं.

तर आजच्या आज लाखोळीची डाळ शिजवजो. तूप दाखवू बी नको. बाईले म्हनजो, निस्तीसिमो. म्हंजे उपासाचं. हा शब्द बरोबर बोलजो, तेवढं तुले जमते. ज्वारीची भाकर, भरीत, आन ते ऑलिव्ह असन तं ठेव. तेल चालते. लय कडक लोक तेही सोडते, ते तिचं तिले ठरवू दे.

आन फोनवर काय बोलली ते तुले कळत नाई, तं त्याचा अर्थ काऊन लावून राह्यला? डाळ भिजव.

तुहा मामा

•

सिंदी मेघे
दि. १० मार्च २०२५

ती. स्व. तानबामामा यांस,
हेमराज व प्रमिला या दोघांचाही साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र शुक्रवारी साडेसहाला मिळालं. आईला वाचून दाखवलं. ती पाटावर बसली आणि पदराने तोंड झाकलं. मला वाटलं, रडते. हसत होती. मग एकदम उठली आणि डाळीचा डबा काढला.

वरण तयार झाल्यावर मी बाईंना स्वयंपाकघरात बोलावलं, पातेल्याकडे बोट केलं आणि म्हटलं, निस्तीसिमो. त्यांनी मला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. मग स्वतः झाकण काढलं, वाकून वास घेतला, आणि ग्रीकमध्ये बरंच काही बोलल्या. तेलाच्या वाटीला हो म्हणाल्या. ताट-पाटाची वाट न बघता तिथेच ओट्याशी उभं राहून जेवल्या. दोन वाट्या वरण, दीड भाकर, सगळं भरीत. तिसऱ्या वाटीला आईने आग्रह केला, त्यांनी नको म्हटलं, आईने वाढलं, त्यांनी खाल्लं. हर्षाच्या ऑलिव्हमधला त्यांनी एकच चाखला आणि उरलेली बरणी माझ्याकडे सरकवली.

दोघी शेवटी एकमेकींच्या उपासावर नाराजच आहेत. आई मला हळूच म्हणाली, डाळ-भाकर आणि कांदा खाऊन उपास होत असेल, तर मी जन्मभर उपासच धरून आहे. आणि बाईंनी फोनवर ताईला विचारलं, की तुमच्याकडे उपासाला तूप, बटाटे आणि श्रीखंड, तर मग सणाला काय खाता? ताई एवढी हसली, की तिला पाणी प्यावं लागलं. आईला ओरडलीही, की मला एक फोन करायला काय झालं होतं.

शनिवारी बाईंनी ओट्याचा ताबा घेतला. आईकडून भाकर थापायला शिकल्या, ती आफ्रिकेच्या नकाशासारखी झाली. त्यांनी चण्याचं एक पातळसर कालवण केलं, त्यात फक्त कांदा, लिंबू आणि तेल. आईने त्यांची पाठ वळताच चिमूटभर तिखट टाकलं. त्यांनी चव घेतली, आईकडे बघितलं, आणि डबा मागून अजून चिमूटभर टाकलं.

पण बाळंतपणाबद्दल एक शब्द नाही. आईने विचारलं नाही आणि मला विचारू दिलं नाही. म्हणाली, पाहुणीला जेवू घातलं म्हणून तिच्याकडून काही मागायचं नसतं. शनिवारी दुपारी बाई ताईसाठीच्या खोलीत बराच वेळ एकट्या बसल्या होत्या. खिडकी उघडून बघितली, कूलर लावून बघितला, खाट भिंतीपासून ओढून मधे घेतली. मी दारातून बघितलं आणि काहीच अर्थ लावला नाही, तुम्ही सांगितल्याप्रमाणे.

काल दुपारची गाडी. यानिसभाऊजी कामासाठी नागपूरला आले होते, ते त्याच गाडीत असणार आणि बाई वर्ध्याला चढणार, असं ठरलं होतं. आईला रिक्षात जागा करून दिली, बाई तिच्याजवळ बसल्या, मी सायकलने मागून निघणार होतो. कुलूप लावताना बघितलं, तर त्यांची मोठी निळी बॅग खोलीतच! मामा, माझ्या अंगाला घाम फुटला. एवढं सगळं सुधारलं, आणि आता पाहुणीचं सामान विसरलं. बॅगेचं वजन तुमच्या धान्याच्या पोत्याइतकं. ती कॅरियरवर सुतळीने बांधली आणि अर्ध्या रस्त्यात सायकल ढकलत, अर्ध्या रस्त्यात पळत स्टेशन गाठलं. गाडी लागलेली होती. बाई डब्याच्या दारात, भाऊजी त्यांच्या मागे. मी बॅग डोक्यावर घेऊन फलाटावरून धावत गेलो आणि त्यांच्या पायाशी ठेवली.

बाईंनी बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. भाऊजींनी इंग्रजीतून सांगितलं, की आई ती मुद्दाम ठेवून आली होती. ती म्हणते, एप्रिलमध्ये रूपालीला घेऊन मला इथेच यायचं आहे, मूल दोन महिन्यांचं होईस्तोवर राहायचं आहे, तर तेच कपडे दोनदा कशाला वाहायचे? गुरुवारीच, दवाखाना बघून आल्यावर, फोनवर त्यांनी मुलाला सांगितलं होतं, की त्या खोलीत आणखी एक खाट मावते.

आईला मी मराठीत सांगितलं. तिने बॅग डब्यातून परत खाली ओढून घेतली. गाडी सुटल्यावर बॅग पुन्हा कॅरियरवर ठेवली, तिने तिचा एक पट्टा धरला, दुसरा मी धरला, आणि सायकल मधे घेऊन आम्ही घरी आलो.

कडक उन्हाळ्यात तुमचे दोन दिवस काढून इकडे या, बाईंनी तुम्हाला बघायचं आहे असं म्हटलं आहे. मामींना व अण्णाजींना सा. न. तुमचं प्रेम आमच्यावर आहेच, त्यातलं थोडं आता येणाऱ्या बाळासाठी राखून ठेवावं.

तुमचा भाचा
हेमराज